आजारी बेडूक

मे महिना लागला की आमच्या घरात एक बेडूक निघतो. माळ्यावरच्या निळ्या डब्यातून. रबराचा, बोटभर लांब, पाठ हिरवी, पोट पिवळं आणि पायांच्या जागी झालरीसारख्या रबरी दोऱ्या. त्याच्या पाठीवर दोन गळ असे चिकटून निजलेले असतात की हात फिरवला तरी टोचत नाहीत. मरळ माशाने त्याला धरून जबडा आवळला की रबर दबतं आणि गळ वर येतात. परवा डबा उघडला तर त्याचा एक डोळा गायब. चिकटवलेला मणीच तो, उकाड्याने सुटला असेल. मी म्हटलं, असू दे बाबा, एका डोळ्यावरही तुझं भागेल. तुला गिळणाऱ्या काही डोळ्यांत डोळे घालून बघत नाहीत.

हे सगळं सामान मुळात माझ्या नवऱ्याचं. सुहासला छंद फार लागतात आणि एकही तीन रविवारांपलीकडे टिकत नाही. कुठलासा व्हिडिओ बघून त्याने रॉड आणला, रील आणलं, डबाभर नकली मासे आणि बेडूक आणले. तिसऱ्या रविवारी गळ स्वतःच्याच टोपीत अडकवून घेतला आणि चौथ्या रविवारी कॅरमबोर्ड आणला. रॉड माळ्यावर गेला. मी तो खाली काढला तो निव्वळ चिडून. धड वस्तू धूळ खात पडलेली मला बघवत नाही. आम्ही तलासरीला राहतो, मी झरीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेच्या वाटेवर धरणाचं पाणी लागतं. बाईमाणूस काठी घेऊन पाण्याशी उभी, म्हणून सुरुवातीला जीपवाले हॉर्न वाजवून जायचे. वाजवा म्हटलं, मासे काही बहिरे होणार नाहीत.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं. सरलं की आधी काळा गाळ उघडा पडतो, मग तो वाळतो, मग त्याला भेगा जातात. त्या गाळाला एक वास असतो, ओल्या मडक्याचा आणि कुजक्या पाल्याचा मिळून. आधी नाक मुरडावंसं वाटतं, आणि आठ दिवसांनी त्याच्याशिवाय करमत नाही. काठचं पाणी दुपारी हाताला चक्क कोमट लागतं. अशा पाण्यात बाकीचे मासे खाली दडतात, पण मरळीला दडून चालत नाही. तिचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. शेवाळाच्या कडेला ‘गुळुप’ असा आवाज होतो, एक वर्तुळ पसरतं आणि पुन्हा सगळं जसंच्या तसं. त्या वर्तुळाच्या पलीकडे बेडूक टाकायचा आणि अलगद त्याच्यावरून ओढत आणायचा. सांगायला दोन वाक्यं. मला जमायला दोन उन्हाळे लागले, आणि जमलं असं म्हणताना आजही जीभ चावते.

कारण खरं जमलं होतं ते नानांना. माझ्या वडलांना.

तो उन्हाळा २०१५चा. मार्चमध्ये, वाडीत चिकूची तोडणी जोरात असताना, नाना उजव्या बाजूने खाली बसले. पडले नाहीत, बसले. नाना पडणाऱ्यांतले नव्हतेच. लकवा होता. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने चालू लागला, जड झालेली जीभही सैलावली, पण उजवा हात राहिला तो राहिलाच. उचलला जायचा, मूठ अर्धीमुर्धी मिटायची, आणि काही धरलं की कापायला लागायचा.

तो हात कसा होता ते सांगायला हवं. डहाणूला आमची चिकूची वाडी आहे. चिकू तयार झाला का हे लांबून रंगावरून कळत नाही, तो सदा मातकटच. अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडायची. खालून हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. हे वाडीत सगळेच करतात. पण नाना झाडाखालून चालता चालता, माणसांशी बोलता बोलता, न बघता नख लावायचे आणि सांगायचे, “ही फांदी परवा. ती आज.” माणसं म्हणायची, नानांच्या अंगठ्याला डोळा आहे. त्या मार्चमध्ये तो डोळा मिटला. नानांनी चारचौघांत जेवणं सोडलं. उजवा हात पंचाखाली झाकून बसायचे आणि डाव्या हातात चमचा धरून, भिंतीकडे तोंड करून, वरणभात उरकायचे. मासे नकोच म्हणायचे. खाडीकाठचा माणूस, धाकट्या डहाणूहून टोपली दारात आली की आधी वास घेऊन मग नाव सांगणारा, आणि मासे नको! चमच्याने काटे काढता येत नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

वाडी सारखी नजरेसमोर नको म्हणून आईने त्यांना सुट्टीभर माझ्याकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले होते, पहिले काही महिने महत्त्वाचे. हात वापरात ठेवा, नाहीतर तो विसरेल. व्यायामासाठी एक रबरी चेंडू दिला होता, रोज शंभर वेळा दाबायला. नानांनी तो एकदा दाबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मी काय रांगतोय?” चेंडू फ्रिजखाली गेला. मी काठीने बाहेर काढला, परत गेला. व्यापाऱ्यांशी आयुष्यभर बोलून नाना चिडले की गुजरातीत शिरायचे. “जवा दे ने,” म्हणायचे, जाऊ दे ना. मला ते ‘जाऊ दे’ ऐकवायचं नाही. वाटायचं, हा माणूस हातालाच सांगतोय, जा.

घरी एकटं ठेवायचं नाही, म्हणून मी त्यांना व्हॅनमध्ये घालून धरणावर न्यायला लागले. जांभळाखाली प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, मांडीवर पंचा. पहिले काही दिवस त्यांनी फक्त नावं ठेवली. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे चिखल. रबरी बेडूक म्हणजे पोरखेळ. “आणि तू एवढी घाई कशाची करतेस? पाणी काय पळून चाललंय?” हे मात्र खरं होतं. मरळ बेडकावर झेप घ्यायची, फटाक्यासारखं पाणी उडायचं, आणि मी दचकून तेवढ्याच जोरात ओढायचे. बेडूक तिच्या तोंडातून सुटून माझ्याच अंगावर यायचा. मी पाय आपटायचे. नाना जांभळं खायचे, डाव्या हाताने.

तिथे जानूभाऊ होता. पाणी सरलेल्या गाळात तो काकडी आणि भेंडी लावायचा, त्याची मुलगी आमच्या शाळेत सातवीत होती. पहिल्याच दिवशी त्याने बेडूक हातात घेतला, दाबला, हुंगला. “बाई, यो तर रबराचा हाय. मासा काय येडा हाय?” मी त्याला शिकवायला गेले की मासा वासापेक्षा हालचालीला भुलतो वगैरे. तो ऐकून घ्यायचा. वर्गातल्या पोरांपेक्षा चांगलं ऐकायचा, पण चेहऱ्यावर तेच हसू. एक गोष्ट त्याने मला निक्षून सांगितली होती. शेवाळाशी लाल पिल्लांचा घोळका दिसला की त्या बाजूला काही टाकायचं नाय, तिथे आई असते. ते मी आजपर्यंत पाळलंय.

एके सकाळी दोरा झुडपात गुंतला. बेडूक पाण्यात, दोरा करवंदीच्या जाळीत, आणि मी काट्यांत. माझं डोकं फिरलेलं. मी मागे न बघता रॉड नानांच्या अंगावर दिला, “एवढं धरा हो जरा!” आणि जाळीत घुसले. दोरा सोडवला, वळले, आणि मग बघितलं. मी रॉड त्यांच्या उजव्या हातात कोंबला होता. दोन महिने घरातला प्रत्येक जण, पाण्याचा पेला असो की वर्तमानपत्र, आठवणीने त्यांच्या डाव्या हातात देत होता. मी विसरले. सख्खी मुलगी, आणि विसरले. आणि नानांनी तो धरला होता. पंचा खाली पडला होता, हात उघडा होता, कापत होता. रॉडचं टोक थरथरत होतं, दोरा थरथरत होता आणि पार तिकडे शेवाळाच्या कडेला तो बेडूक जागच्या जागी, अगदी मरणाच्या दारात असल्यासारखा, तडफडत होता.

पाणी फुटलं. मरळीने तो असा घेतला की रॉड नानांच्या हातातून सुटून सरळ पाण्यात! जानूभाऊ भेंड्यांतून उडी मारून कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने रॉड पकडला. मरळ गेली होती. तो निथळत काठावर आला, रॉड नानांच्या पायाशी ठेवला आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, “बाई, तुमचा बेडूक लय निरोगी हाय. बाबांचा आजारी हाय. मरळ आजाऱ्याला धरते.”

मी त्याच्यावर ओरडणारच होते. आमच्या घरात तो शब्दच बंद होता. ‘बरं वाटतंय’, ‘सुधारणा आहे’, ‘होईल हळूहळू’, असलंच सगळं चालायचं. पण नानांनी मान वर केली आणि ते हसले. मार्चनंतर पहिल्यांदा, खळखळून, अर्धं तोंड वाकडं करून. “खरं बोलला गं हा,” म्हणाले. “दोन महिन्यांत पहिला माणूस खरं बोलला.” मग मला म्हणाले, “उद्या हा हात काठीला बांधून दे.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पंचाने मी त्यांचा हात रॉडला बांधला. बेडूक पाण्यात मी टाकायचे, डाव्या हाताने रील ते फिरवायचे, आणि उजवा हात काही न करता जे करायचा ते करायचा. मरळ आली. मी ओरडले, “ओढा! नाना, ओढा!” त्यांनी ओढलं नाही. म्हणजे ओढायचं ठरवलं, हाताला सांगितलं, आणि निरोप पोचायला वेळ लागला. एक क्षण, दोन क्षण. तेवढ्यात मरळीने बेडूक नीट तोंडात घेतला, वळली, आणि मग नानांचा खांदा मागे गेला. लागली! एवढी मोठी मरळ मी माझ्या हाताने कधी काढली नव्हती. मी टाळ्या पिटत नाचले, चाळिशीची बाई. नाना दमून खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “ऐकतो गं हात. पण उशिरा ऐकतो.”

मी विज्ञानाची बाई, मला मागाहून सगळं समजावून सांगता येतं. शिकारी मासा दुबळं सावज निवडतो. वरच्या पाण्यातला बेडूक त्याला गिळायला सवड द्यावी लागते. हे मी वाचलेलं होतं, पोरांना शिकवलंही होतं. पण माझे हात धडधाकट आणि स्वभाव उतावळा, त्यामुळे ते माझ्या हातात उतरलंच नव्हतं. नानांकडे दुखणं होतं म्हणून त्यांच्याकडे विद्या होती. हे कोणाला सांगावं तरी कसं?

त्या दुपारी मी मरळीचं कालवण केलं, चिंच, लसूण आणि भरपूर तिखट घालून. नाना पाटावर बसले. भिंतीकडे तोंड करून नाही, माझ्यासमोर. पंचा खांद्यावर टाकला आणि उजवा हात ताटात ठेवला. “मरळीला काटे कमी,” म्हणाले. “सुरुवातीला बरी.” एक घास तोंडापर्यंत पोचायला किती वेळ लागावा? रस्सा कोपरापर्यंत ओघळला, निम्मा भात मांडीवर. मी मदतीला हात पुढे केला तर डोळे वटारले. ताट संपेपर्यंत माझं जेवण निवून गेलं. शेवटी बोटं चाटत म्हणाले, “चिखलाचा वास आहेच हो.” मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडले.

मग रोजचंच झालं. कधी एक, कधी दोन, कधी काहीच नाही. एक आमच्या घरी, एक जानूभाऊकडे, त्याच्याकडून काकड्या. पंचाची गाठ आधी घट्ट होती, मग सैल केली, आणि एक दिवस नाना म्हणाले, नकोच. हात रॉड धरत होता. अंगठा दुमडत होता. मी तर हरखूनच गेले होते. शाळेतली खोड जात नाही, सारखी मागे उभी राहून सांगायचे, “स्थिर धरा नाना. छान! आणखी स्थिर.” आणि हात खरंच स्थिर होत गेला. जून तोंडावर आला तोवर टोक जेमतेम हलत होतं.

आणि मासे यायचे थांबले.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पाचव्या दिवशी नाना भडकले. बेडूक बदलून झाला, जागा बदलून झाली, पाण्याला शिव्या देऊन झाल्या. “काय झालं काय या मरळींना? रुसल्या?” जानूभाऊ भेंडी तोडत होता. त्याने पाण्याकडे बघितलं, मग नानांच्या हाताकडे बघितलं. “बाबा,” तो म्हणाला, “तुमचा बेडूक बरा झाला.”

नानांनी हात उलटासुलटा करून बघितला. आनंद व्हावा की वाईट वाटावं हे त्यांना कळेना, आणि खरं सांगते, मलाही कळेना. मग त्यांनी रॉड माझ्याकडे दिला. उजव्या हाताने. “मला वाडीवर सोड,” म्हणाले.

डहाणूला पोचल्यावर घरात शिरले नाहीत. आई दारात पाणी घेऊन उभी, तिला तसंच ठेवून काठी टेकत पहिल्या झाडाखाली गेले. खालच्या फांदीवरचा चिकू धरला. अंगठा आला, घसरला, परत आला. नखाने साल निघाली. नाना म्हणाले, “परवा.” आई म्हणाली, “काय परवा?”

त्यानंतर नाना तीन तोडण्या जगले. २०१८चा उन्हाळा सुरू होता होता, एका सकाळी, चहा पिता पिता गेले. कप उजव्या हातात होता.

त्या उन्हाळ्यानंतर मी दर मेमध्ये धरणावर जाते, आणि दर मेमध्ये माझा बेडूक निरोगीच पोहतो. कसा पोहायला हवा ते मला माहीत होतं. हात कसा हलवायचा तेही माहीत होतं, सुट्टीभर मी तो हात बघत होते. पण मी ते केलं नाही. लहानपणी मी एकदा अंगणात, दारावर मीठ विकायला येणाऱ्या लंगड्या म्हाताऱ्याची चाल करून दाखवली होती. सगळे हसले. नानांनी मला खांद्याला धरून बाजूला नेलं. मारलं नाही, फक्त म्हणाले, “दुसऱ्याच्या दुखण्याची नक्कल करू नये. आपल्याला तेच होतं.” मी विज्ञान शिकवते, असलं काही मी मानत नाही. तरी रॉड हातात घेऊन नानांच्या हाताची नक्कल करायची म्हटली की माझा हात जागच्या जागी थांबायचा. भीतीने नाही. त्या अंगणातल्या हसण्यात मी पुन्हा सामील होतेय असं वाटायचं.

परवा तो एकडोळ्या बेडूक घेऊन गेले. जांभूळ तसंच आहे, सडा पडला होता. जानूभाऊची मुलगी आता नर्सिंगला आहे, तो स्वतः कानशिलावर पांढरा झालाय. मी टाकत होते, ओढत होते, टाकत होते. शेवाळाशी गुळुप व्हायचं आणि बेडूक वरून निघून यायचा, कोणी ढुंकून बघत नव्हतं. तासाभराने तो काकडीच्या वेलांतून म्हणाला, “बाई, तुमचा अजून निरोगीच हाय.” आणि मग जरा थांबून, “बाबांना येत होतं ते.”

बाबांना येत होतं ते! लकवा म्हणाला नाही, दुखणं म्हणाला नाही. सुतारकाम येतं, पोहता येतं, तसं येत होतं. आणि माझ्या डोक्यात इतकी वर्षं अडकलेलं काहीतरी सरकलं. दुखण्याची नक्कल करू नये हे खरंच आहे नाना, पण वडलांचं येणारं काम मुलीने उचलायचं नाही तर कोणी?

पिशवीत त्यांचा पंचा होता. दरवर्षी नेते, घाम पुसायला म्हणून. तो काढला, उजवा हात रॉडला बांधला, गाठ दातांनी ओढली. बेडूक टाकला. मग डोळे मिटले आणि तो हात आठवला, वरणभात सांडणारा, अंगठा न दुमडणारा, पंचाखाली लपणारा. मनगट सैल सोडलं. आधी मी हलवत होते, ते कळत होतं. मग हळूहळू ते लयीला लागलं. टोक थरथरलं, दोरा थरथरला.

“हां,” जानूभाऊ उभा राहिला. “यो बाबांचा.”

पाणी फुटलं. “ओढा बाई! ओढा!” तो ओरडला, आणि माझं सगळं अंग ओढायला धावलं.

“थांब रे,” मी म्हटलं. “हात उशिरा ऐकतो.”

एक. दोन. मग खांदा मागे घेतला, आणि लागली. ती काठावर येईपर्यंत जानूभाऊ पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात होता, मी चिखलात गुडघ्यांवर, आणि दोघंही वेड्यासारखे हसत होतो. त्याने मरळीच्या जबड्यातून बेडूक सोडवला आणि पंचाची गाठ सोडायला माझा हात हातात घेतला. तेव्हा मी बघितलं, हात अजून थरथरत होता. पण आता तो मी हलवत नव्हते.